ओळ उगवली पाहिजे

‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ ही म्हण परभणी जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. दुसरीकडं कुठं जमलं तर ठीक, नाहीतर पोट भरायला परभणी आहेच, असा तिचा अर्थ. आता वाट उलटी झाली आहे. परभणीची पोरं बॅगा भरून पुण्याच्या गाडीत बसतात आणि मागं राहतात ती अभ्यासिकेत खुर्ची धरतात. तिथं दिवसभर वाचन चालतं, सराव प्रश्नपत्रिका सुटतात, पण तोंड उघडायची वेळ फारशी येत नाही. जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब च्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या, तेव्हापासून तर लेखी परीक्षा हीच सगळी परीक्षा होऊन बसली. राज्यसेवेला मुलाखत आहे, नव्या पद्धतीत ती २७५ गुणांची आहे. पण तिथवर पोचतात ते मोजकेच. बाकीच्यांची गाठ एखाद्या दिवशी खासगी कंपनीच्या, पतसंस्थेच्या नाहीतर शेतकरी कंपनीच्या टेबलाशी पडते. समोरचा माणूस म्हणतो, “हं, सांगा स्वतःबद्दल,” आणि वर्षानुवर्षं केलेला अभ्यास घशात अडकतो.

अशाच एका लेकीची ही गोष्ट.

घर गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठच्या एका गावात. जमीन चार एकर, सगळी कोरडवाहू. सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. लेक परभणीच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेली. भरतीच्या दोन-तीन परीक्षा देऊन झाल्या होत्या, निकाल लागले होते, यादीत नाव नव्हतं. मे महिन्यात महाविद्यालयाच्या जुन्या ग्रुपवर एक जाहिरात फिरत आली. एका शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीनच्या बीजोत्पादनासाठी क्षेत्र समन्वयक हवा होता. कृषी पदवी पाहिजे, दुचाकी पाहिजे, सोमवारी परभणीला मुलाखत.

लेकीनं एका मित्राचा बायोडाटा मागवला, गंगाखेडच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून त्यातलं नाव, गाव, टक्के बदलले आणि दोन पानं छापून आणली. कागद गुळगुळीत, अक्षरं ठळक, कडेला निळी पट्टी. वाचणाऱ्याला वाटावं, ही मुलगी इतके दिवस घरी कशी राहिली?

घरी आली तर माय ओसरीवर गोणपाट अंथरून बसली होती. गोणपाट भिजवून पिळलेलं. मांडीशी सोयाबीनची ताटली. माय एकेक दाणा उचलून गोणपाटावर ठेवत होती, दोन दाण्यांत बोटभर जागा सोडून. एका ओळीत दहा, अशा दहा ओळी. निवडून चांगले दाणे घ्यायचे नाहीत, पोत्यात हात घालून येतील ते घ्यायचे, हा तिचा नियम. शंभर भरले की वरून दुसरं ओलं गोणपाट, मग सैल गुंडाळी, आणि ती गुंडाळी रांजणाच्या सावलीला. रोज पाण्याचा हबका. सात-आठ दिवसांनी उघडायचं आणि मोजायचं. मोड आला म्हणजे उगवला असं ती धरत नसे. मूळ आणि कोंब दोन्ही धड पाहिजेत. सत्तर आले तर एकरी ३० किलो बियाणं, कमी आले तर त्या मानानं जास्त, आणि फारच कमी आले तर ते पोतं पेरायचं नाही, सरळ मोंढ्यात घालायचं.

ही सवय मायला २०२० नं लावली. त्याच्या आदल्या वर्षी काढणीच्या ऐन वेळेला पावसानं सोयाबीन भिजवलं होतं. भिजलेलं बियाणं वरून दाणेदार दिसतं, पण त्याचा जीव गेलेला असतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात शेतंच्या शेतं उगवली नाहीत, तक्रारींचा ढीग पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. या घरानंही त्या साली दुबार पेरणी केली, तीही उसनवारीवर. पुढच्या मे पासून माय दाणे मोजू लागली. हळूहळू बचत गटातल्या बायाही पदरात मूठभर दाणे बांधून यायला लागल्या. कुणाच्या दाण्यांची कोणती गुंडाळी ते विसरू नये म्हणून लेक एका जुन्या वहीत नाव, तारीख आणि आकडा लिहून ठेवायची.

“काय छापून आणलंस?” मायनं विचारलं.

“बायोडाटा. सोमवारी परभणीला मुलाखतय.”

“वाच बरं.”

लेकीनं पहिली ओळ वाचली, “उत्कृष्ट नेतृत्वगुण.”

“म्हंजी?”

“म्हणजे चार माणसांना धरून काम करता येतं.”

“मग काय केलंस चार माणसाला धरून?”

लेक आठवू लागली. महाविद्यालयाच्या संमेलनात ती स्वागत समितीत होती.

“तिथं कसं केलंस?”

“पाहुण्यांना गुलाबाची फुलं दिली.”

“तू नसतीस तर फुलं दिली नसती का कुणी?”

लेक हसली, पण पुढं बोलायला काही नव्हतं. मायनं ताटलीतला पुढचा दाणा उचलून गोणपाटावर ठेवला. “ही ओळ नाही उगवायची. पुढची वाच.”

पुढची ओळ ‘संगणकात प्रावीण्य’. काय करता येतं? टाइप करता येतं, तक्ते भरता येतात. कुठं केलं? महाविद्यालयात प्रकल्पाचा अहवाल स्वतः टाइप केला. त्यानं काय झालं? चौघींचा अहवाल वेळेत गेला. माय म्हणाली, “मग तेवढंच लिव्ह ना. प्रावीण्य कामून लिव्हतीस?” ‘छंद : वाचन आणि प्रवास’ या ओळीला तर एकच प्रश्न पुरला. कुठं गेलीस? परभणी आणि आत्याच्या गावाला. मग आली ती सगळ्यांत भारदस्त ओळ, ‘बीजोत्पादनाचा अनुभव’. ती मित्राच्या कागदावरून जशीच्या तशी आली होती. लेक एकदा वर्गासोबत विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर गेली होती, दुपारपर्यंत प्लॉट पाहिले होते, फोटो काढला होता. मायनं काही विचारायच्या आत तिनं स्वतःच ती ओळ खोडली.

दोन पानांचं अर्धं पान झालं. लेक रडकुंडीला आली. “माय, एवढ्याशा कागदावर कोण नोकरी देणारय?”

“पोतं फुगवायचं तर भुसाबी भरता येतो. उगवंल तेवढंच घे,” माय म्हणाली. मग दाणे ठेवता ठेवता तिनं विचारलं, “हे गोणपाटाचं लिव्हलंस का?”

“घरचं काम कुठं लिहितात होय?”

“ते बियाण्याचंच काम काढायलेत ना? मग आपण काय मिरच्या वाळवायलोत?”

लेक वहीकडं पाहतच राहिली. मग तिनं नव्यानं लिहायला घेतलं. एक ओळ : २०२१ पासून दर उन्हाळ्यात घरच्या आणि बचत गटातल्या शेतकऱ्यांच्या सोयाबीनची उगवण चाचणी, नोंदवही सोबत. दुसरी ओळ : ग्रामीण कृषी कार्यानुभवात, म्हणजे पोरं ज्याला ‘रावे’ म्हणतात त्यात, शेतकऱ्यांसमोर बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं. तिसरी ओळ अहवालाची, चौथी दुचाकीच्या परवान्याची. प्रत्येक ओळीला मायचे तेच तीन प्रश्न लावून झाले. काय केलंस? कसं केलंस? त्यानं काय फरक पडला?

सोमवारपर्यंत अजून दिवस होते. लेकीला वाटलं, आपला कागद तपासला, आता त्यांचाही तपासावा. ही कंपनी नेमकी आहे तरी काय? शेतकरी उत्पादक कंपन्यांचा कायदा २००३ पासून लागू आहे, आणि २०२० मध्ये केंद्रानं अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना आणल्यावर गावोगावी त्यांच्या पाट्या लागल्या, एवढं तिनं वाचलं होतं. वाचतानाच तिच्या लक्षात आलं की या कंपनीचे मालक म्हणजे सभासद शेतकरी, आणि संचालकही त्यांच्यातलेच. म्हणजे समोरच्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर नक्की शेतकरी असणार. त्याला पुस्तकातली भाषा सांगून चालणार नाही.

शुक्रवारी ती बापाची मोटारसायकल घेऊन त्या कंपनीचे सभासद असलेल्या एका गावात गेली. पारावर बसलेल्या एका सभासदाला तिनं सरळ विचारलं, “काका, कंपनीचा माणूस येतो का प्लॉटवर?” काकांनी मन मोकळं केलं. बी चांगलं देतात, भावही बाजारापेक्षा बरा देतात. पण गेल्या हंगामात पोरगा तीनदा बदलला. फुलोऱ्यात भेसळ काढायला कुणीतरी यायला पाहिजे होतं. जांभळ्या फुलाच्या वाणात पांढरं फूल दिसलं की ते झाड उपटायचं असतं, आणि ते दिवस निघून गेले की ओळखू येत नाही. नेमका त्याच आठवड्यात पोरगा काम सोडून गेलेला.

येताना तिनं गाडीच्या काट्यावर किलोमीटर पाहिले आणि घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. रोज ६० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १५६० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते. एकतीस लिटरच्या वर पेट्रोल. परभणीचं पेट्रोल तर राज्यात सर्वांत महाग म्हणून बातम्यांत गाजलेलं, कारण टँकर थेट मनमाडच्या डेपोतून यायचे. लिटरला शंभराच्या वरचा भाव धरला तरी तीन हजारांच्या वर नुसतं पेट्रोल. ऑइल आणि पंक्चर वेगळं.

शनिवार-रविवार बोलण्यात गेले. मोबाइलवर तिनं स्वतःला बोलताना रेकॉर्ड केलं आणि ऐकलं तेव्हा कानावर विश्वास बसेना. दर वाक्याला ‘म्हणजे’, दर दोन वाक्यांना ‘ॲक्च्युअली’, आणि शेवट कुठं करायचा याचा पत्ता नाही. मग तिनं ठरवलं की स्वतःबद्दल दोन मिनिटांच्या आत सांगायचं, आणि नाव-गाव-टक्के त्यांच्या हातातल्या कागदावर आहेत ते पुन्हा वाचून दाखवायचे नाहीत. पाठांतर केलं तर मध्येच एक शब्द निसटला की सगळं निसटतं, म्हणून तिनं वाक्यं पाठ केली नाहीत, मुद्दे मनात धरले. मूळ प्रमाणपत्रं, दोन झेरॉक्स, वही आणि पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत भरून ठेवली.

सोमवारी गंगाखेडहून सकाळची गाडी धरून ती परभणीला उतरली आणि ऊन चढायच्या आत वसमत रोडवरच्या कार्यालयात पोचली. बाहेरच्या बाकावर आठ-दहा उमेदवार. एक जण प्रश्नोत्तरांचं गाइड पुटपुटत होता. ज्याच्या कागदावरून तिनं आपला कागद केला होता तो मित्रही आलेला होता. त्याचा नंबर आधी लागला. पाच-सात मिनिटांत तो बाहेर आला तेव्हा कपाळाला घाम होता.

“अवघड होते का प्रश्न?” तिनं विचारलं.

“बाहेरचं काहीच नाही विचारलं,” तो म्हणाला. “माझ्याच कागदातलं विचारलं. बीजोत्पादनात भेसळ कधी काढतात म्हणे.”

तिचं नाव पुकारलं. आत टेबलापलीकडं तिघं होते. मध्ये कंपनीचे मुख्य अधिकारी, डावीकडं चष्मा लावलेल्या मॅडम, आणि उजवीकडं डोक्याला रुमाल गुंडाळलेले, सत्तरीकडं झुकलेले एक संचालक. तिनं नमस्कार केला, बसायला सांगितल्यावर बसली.

“टेल अस अबाउट युवरसेल्फ,” मॅडम म्हणाल्या.

तिनं इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यं नीट गेली, तिसऱ्याला गाडी अडली. ती थांबली. “मॅडम, इंग्रजी मला वाचता येतं, अहवालही लिहिता येईल. बोलताना अडखळते. मराठीत सांगितलं तर चालेल का?”

रुमालवाले काका लगेच म्हणाले, “सांग सांग. आमच्याशी तर मराठीतच बोलावं लागंल की.”

तिनं गोणपाटाची गोष्ट सांगितली, पण गोष्ट म्हणून नाही, काम म्हणून. काय करते, कसं करते, त्यानं काय झालं. गेल्या उन्हाळ्यात वहीतल्या तीन घरांचं बियाणं कमी निघालं, त्या तिघांनी पेरणीआधी बदललं, त्यांना दुबार पेरणी करावी लागली नाही. वही तिनं टेबलावर ठेवली.

अधिकाऱ्यांनी पानं उलटली. एका आकड्यावर बोट ठेवलं. “इथं त्रेसष्ट लिहिलंय. याला काय सांगितलंत?”

“एकरी तीसच्या जागी तेहतीस-चौतीस किलो घ्यायला. आणि बियाणं हळू हाताळा म्हणून. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोतं आपटलं तरी उगवण कमी होते.”

“बीजप्रक्रियेचा क्रम?”

“आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. जिवाणू आधी लावले तर औषधानं मरतात.”

“एमएयूएस ६१२ लावतात का तुमच्याकडं? कसा वाण आहे?”

“एमएयूएस १६२ पाहिलाय, सर. तो उभा वाढतो, शेंगा जमिनीपासून वर लागतात, म्हणून हार्वेस्टरनं कापायला जमतो. ६१२ मी शेतात पाहिलेला नाही. विद्यापीठात विचारून सांगू शकते, पण आत्ता मला माहीत नाही.”

अधिकाऱ्यांनी काहीतरी टिपलं. आता काका पुढं सरकले. “समज, मी शेतकरी आहे. मी म्हणलो, बाई, तीस वर्षं शेती करतोय, माझं बी चांगलंय, तुझी चाचणी-बिचणी नको. मग?”

“मग मी वाद नाही घालणार, काका. तुमच्याच पोत्यातले शंभर दाणे तुमच्याच घरातल्या गोणपाटावर तुमच्याच हातानं ठेवून घेईन. आठ दिवसांनी मोजायला येईन. आकडा तुम्हीच सांगायचा.”

काकांनी रुमाल नीट केला. बोलले काही नाहीत.

मग तो प्रश्न आला, जो पोरींना हमखास येतो. “तुमचं लग्नाचं वय आहे. लग्न झालं की नोकरी सोडाल. आमचा हंगाम वाया जातो,” अधिकारी म्हणाले.

“लग्न होईल कधीतरी, सर. पण गेल्या हंगामात तीन जण काम सोडून गेले असं मी तुमच्या सभासदाकडून ऐकलं. ते तर लग्नामुळं गेले नसतील. ते का गेले, हेच मला विचारायचं होतं.”

मॅडमना हसू आवरलं नाही. उत्तर काकांनीच दिलं, “पगारातला पैसा पेट्रोलात जायचा. पोरं काय करतील?”

“मग पगाराची अपेक्षा सांगताना मी पेट्रोल वेगळं धरते,” असं म्हणून तिनं वहीचं मागचं पान उघडलं. साठ किलोमीटर, सव्वीस दिवस, एकतीस लिटर. तिघांनीही तो हिशेब वाकून पाहिला. कंपनीची गळती कुठं आहे ते त्या पानावर लिहिलेलं होतं, आणि तिथं अजून नोकरीलाही न लागलेल्या पोरीनं ते लिहिलं होतं.

आठवड्यानं फोन आला. तिनं मागितला त्यापेक्षा पगार कमी ठरला, पण पेट्रोल किलोमीटरच्या हिशेबानं वेगळं मिळणार होतं, तिलाच नाही तर पुढं येणाऱ्या प्रत्येक समन्वयकाला. रुजू झाल्यावर काकांनी तिला एवढंच सांगितलं, “त्या दिवशी बारा कागद पाहिले, बाई. तुझाच कागद असा निघाला की ज्यावर बोट ठेवलं ते खरं निघालं.” तिनं पहिल्या पगारातून मित्राला चहा पाजला आणि मायचे तीन प्रश्न त्याला लिहून दिले.

तात्पर्य : मुलाखत घेणारे प्रश्न बाहेरून आणत नाहीत, बहुतेक प्रश्न आपणच आपल्या अर्जात लिहून दिलेले असतात. म्हणून मुलाखतीच्या आधी आपला कागद घरातल्या सर्वांत खोचक माणसासमोर वाचा आणि दर ओळीला तीन प्रश्न विचारायला सांगा : काय केलं, कसं केलं, त्यानं काय फरक पडला? तीन प्रश्नांत गळते ती ओळ कितीही भारदस्त असली तरी खोडा. टिकते ती साधी असली तरी वर घ्या. जिथं काम मागायला जाताय तिथली अडचण आधी स्वतः जाऊन पाहून या. आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगा. त्यानं नोकरी सहसा जात नाही, खोट्या ओळीनं हमखास जाते.